उभ्या जहाजावरचं गाऱ्हाणं

जहाजावर नोकरी केलेल्या माणसाला लोक वादळाबद्दल विचारतात. लग्नात, बाराव्याला, एसटीत, कुठेही भेटले तरी पहिला प्रश्न तोच. लाटा केवढ्या होत्या, भीती वाटली का? मी फिटर होतो. माझी सगळी नोकरी इंजिनरूममध्ये, पाण्याच्या पातळीखाली गेली. लाट मला दिसायची ती हातातल्या चहाच्या कपात. आणि वादळात कामं एवढी निघतात की भ्यायला सवड नसते. मला खरी भीती वाटली ती एका जागी बांधून ठेवलेल्या जहाजावर, पाणी तळ्यासारखं निपचित असताना, भर दुपारी तीन वाजता. तेवढंच लिहितो. बाकीची वर्षं पाइप, पॅकिंग आणि वेल्डिंगची आहेत, त्यांत वाचणाऱ्याला काही गोडी नाही.

आधी काम काय ते सांगायला हवं. धंद्यात मंदी आली की जहाजांना माल मिळत नाही. रिकामं जहाज फिरवणं परवडत नाही आणि भंगारात काढायला मालकाचं मन होत नाही. मग ती एखाद्या शांत खाडीत नेऊन, एकमेकांना बांधून उभी करतात. खलाशी घरी जातात, इंजिन बंद, जनरेटर बंद. मागे राहतात दोन-तीन राखणदार. त्यांचं काम म्हणजे रोज दोरखंड बघायचे, तळाशी पाणी साचतंय का ते मोजायचं, हवेतला ओलावा शोषणारी यंत्रं चालू ठेवायची आणि आठवड्यातून एकदा मोठ्या इंजिनाचा दांडा थोडासा फिरवायचा. पडून राहिलेल्या म्हाताऱ्याला कूस बदलून द्यावी लागते, तसंच ते. नाही फिरवला तर तो जागच्या जागी धरतो.

मला पाठवलं ते नॉर्वेतल्या एका खाडीत. ते तिला फ्योर्ड म्हणतात. मी खाडीच म्हणत होतो, फक्त डोंगर दोन्ही बाजूंना ताठ उभे आणि पाणी काळं. चार जहाजं शेजारी शेजारी बांधलेली. पहिल्यावर आम्ही राहायचो, तिथे एक लहान जनरेटर होता. बाकीची तीन मेलेली. आम्ही म्हणजे मी आणि नेस्तोर, फिलिपिन्सचा. पन्नाशीचा, स्वयंपाकाला बरा, बोलण्यात चिक्कू. त्याला रोज भात लागायचा, मलाही लागायचा, त्यामुळे आमचं जमलं. घरून नेलेला मसाला त्याने पहिल्याच आठवड्यात अर्धा संपवला, पण त्याच्या हातच्या माशाला तो मसाला शोभायचा, म्हणून मी गप्प बसलो.

परदेश मला नवीन नव्हता. पण चालत्या जहाजावर परदेश म्हणजे दोन दिवसांचं बंदर, मग पुढचं. इथे मी पहिल्यांदाच एका परक्या जागी राहत होतो. उन्हाळा होता आणि तिथे उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ मावळतच नाही. खिडकीला पुठ्ठा लावून झोपायचं आणि उठल्यावर घड्याळ बघून सकाळ की संध्याकाळ ते ठरवायचं. त्याहून त्रास झाला तो शांततेचा. जहाजावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला पायाखाली थरथर लागते. ती नसली की शरीराला वाटतं काहीतरी बिघडलंय, आणि झोपेतून दचकून जाग येते. उठून बसायचं, मग आठवायचं, की अरे, बिघडलेलं काही नाही, इथे काही चालूच नाही.

माणूस म्हणावा तर समोरच्या काठावरचा एक म्हातारा. तो होडी वल्हवत यायचा आणि खालूनच ओरडून विचारायचा, ही जहाजं कधी जाणार? त्याच्या बटाट्यांच्या वाफ्यावर आमची सावली पडत होती. मी दर वेळी सांगायचो की मालकांना कळवतो. मालकांनी शेवटी बिस्किटांचा एक डबा पाठवला. म्हाताऱ्याने तो घेतला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन तेच विचारलं. आमच्या गावचा कुणी असता तर तोही असाच वागला असता.

फोनला रेंज मिळायची ती फक्त चौथ्या, सगळ्यांत बाहेरच्या जहाजावर, तीही वर सुकाणूघराबाहेरच्या उघड्या सज्ज्यावर. म्हणजे घरी बोलायचं तर जहाजांना जोडणारे तीन लहान पूल ओलांडून, मेलेल्या जहाजांवरून जायचं. मी दुपारी तीनला जायचो. तेव्हा आमच्याकडे साडेसहा झालेले असतात.

साडेसहा ही आमची वेळ. विजयदुर्गाच्या अलीकडे खाडीकाठी आमची वाडी. तिथल्या धक्क्यावर मी, बाबल आणि दिनू शाळेत असल्यापासून बसत आलो. बाबल रापणकार. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मंडळींत त्याचा शब्द शेवटचा. दिनू गावात वायरमन. मी सुट्टीवर असलो की तिघे, नसलो की दोघे. तिकडून फोन लावला की दिनू दोन वाक्यं बोलायचा आणि फोन तसाच कठड्यावर ठेवून द्यायचा. मग मी नुसता ऐकत राहायचो. खाडीचं पाणी, पावसाची सर, कुणाची तरी सायकल, दिनूचं विडी ओढणं. त्यासाठी मी तीन जहाजं ओलांडत होतो.

पण त्या वर्षी त्यात बाबलचा आवाज नव्हता. त्याने माझ्याशी अबोला धरला होता, आणि चूक माझी होती. आदल्या खेपेला मी शपथेवर सांगितलं होतं की आता पुरे, आता गावातच राहीन आणि आपण दोघे मिळून होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची शेड घालू. बाबलने जागा साफ केली, वासे आणून टाकले. आणि मी या राखणदारीची नोकरी घेतली. बसून पगार मिळतोय, एकच वर्ष, असं त्याला तोंड वर करून सांगितलं.

इथे आमच्या एका रिवाजाबद्दल लिहायला हवं. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला हाक मारून मागणं सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गावचं गाऱ्हाणं मानकरी घालतात. आमचं तिघांचं खाजगी होतं. मी बोटीवर निघायच्या आदल्या संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी, उंडीच्या झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे खाडी राखणाऱ्या देवाचा, दगड आहे तिथे नारळ ठेवायचा. बाबलने गाऱ्हाणं घालायचं, मी आणि दिनूने व्हय म्हणायचं. याचे दोन नियम लहानपणापासून डोक्यात बसलेले. मागणाऱ्याने आपल्याच मागण्याला व्हय म्हणायचं नाही. आणि एकदा सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडायचं नाही.

त्या खेपेला बाबल दगडापाशी आला, पण नारळाला हात लावेना. म्हणाला, “तुझा गाऱ्हाणा आता तूच घाल.” आणि पाठ फिरवून घरी गेला. मी तसाच निघालो. पंचविसेक वेळा समुद्रावर गेलो असेन, गाऱ्हाण्याशिवाय जायची ती पहिली वेळ.

जाऊन महिना झाला असेल. एक दिवस दिनूने सांगितलं की बाबल धक्क्यावरही येत नाही, संध्याकाळी एकटाच दगडापाशी जाऊन बसतो. फोन देऊ का विचारलं तर मान हलवतो. फोन ठेवला आणि मला फार वाईट वाटलं. लपवण्यासारखं काय आहे, डोळ्यांत पाणी आलं. समोर काळी खाडी, शेजारी मेलेली जहाजं, आणि मी कुणासाठी कशाची राखण करतोय तेच कळेना. बाबलनेच सांगितलं होतं ना, तूच घाल म्हणून? मी हात जोडले आणि मोठ्याने सुरू केलं.

“बा देवा खाडयेच्या राखणदारा, तुझो झील परमुलखात येवन पडलो आसा रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

मागून आलं. सुकाणूघरातून. आणि आवाज बाबलचा होता.

मी वळलो. काचेतून आत सगळं दिसत होतं. झाकलेली यंत्रं, उन्हाचा एक पट्टा, कुणी नाही. दाराला ओलावा आत जाऊ नये म्हणून मी स्वतः लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी. पहिला विचार आला तो प्रतिध्वनीचा. डोंगर समोरच होते. पण प्रतिध्वनी आपलंच बोलणं परत देतो, उत्तर देत नाही. पळून जावंसं वाटलं. तरी गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडायचं नसतं, म्हणून पुढची दोन वाक्यं कशीबशी म्हटली. दोन्ही वाक्यांना व्हय आलं. गावच्या गाऱ्हाण्यात बाबल ज्या जागी घसा ओढतो त्याच जागी ओढून.

मग कुणालाही यावी ती शंका आली, बाबल गेला तर नाही ना. मी लगेच दिनूला पुन्हा फोन लावला. बाबल बरा आहे का रे? दिनू हसला. म्हणाला, आत्ताच समोरून घरी गेला, छत्री विसरला म्हणून परत आला आणि कुत्र्याला शिव्या घातल्या. जिवंत होता, धडधाकट होता.

आता जे लिहितो त्याची मला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही. भीती वाटत होती, पण आवाज बाबलचा होता, आणि तो मला महिनाभर मिळाला नव्हता. माणसाला सोबतीची तहान लागली की तो पाणी कुठून आलं ते विचारत नाही. रोज तीनला गाऱ्हाणं, रोज उत्तर. फोन लावायचंही मी कमी केलं. झोप लागू लागली. नेस्तोर म्हणाला की तू आता बरा दिसतोस. आठवडा असा गेला, आणि घरी कधी जायचं ते दिवस मोजणं मी विसरून गेलो. तेव्हा ते लक्षात आलं नाही.

मग काहीतरी बदललं. उत्तरं लवकर येऊ लागली. माझं वाक्य संपता संपता, मग संपायच्या आधीच. कुणीतरी घाईत असावं तसं. बाराव्या-तेराव्या दिवशी मी शेवटच्या मागण्यावर आलो होतो. ‘गेलो तसो परत हाड’, गेला तसाच परत आण, हे ते मागणं. मी ते अजून उच्चारलंही नव्हतं. नुसतं तोंड उघडलं, आणि माझ्या मानेपाशी, काचेच्या आतून नव्हे तर बाहेर, वीतभर अंतरावर, कुणीतरी व्हय म्हणालं.

मागितल्याआधी दिलेलं व्हय. कशाला दिलं होतं? मी गाऱ्हाणं तिथेच सोडलं आणि पळालो. तीनही पूल कसे ओलांडले आठवत नाही. नेस्तोरने काय झालं ते विचारलं नाही. त्याने मला चहा दिला, आणि उद्यापासून चौथं जहाज मी बघेन, असं म्हणाला. मग त्याच्या मोडक्या इंग्रजीत एवढंच सांगितलं की रिकाम्या जहाजावर तो कधीच कुणाशी बोलत नाही, गाणंसुद्धा म्हणत नाही.

पुढचे नऊ दिवस मी पहिल्या जहाजावरून हललो नाही. फोन बंदच. दहाव्या दिवशी नेस्तोर म्हणाला, घरची माणसं काळजी करत असतील, फोन दे, मी वर नेऊन निरोप उतरवून आणतो. तासाभराने तो परत आला आणि फोन माझ्या हातात दिला. दिनूचे अकरा निरोप होते, सगळे त्याच्या आवाजातले. पहिले दोन शिव्यांचे होते, मी फोन का लावत नाही म्हणून. तिसऱ्यापासून त्याचा आवाज बदलला होता.

बाबल साडेसहाला दगडापाशी जायचा हे त्याने मला सांगितलंच होतं. आता सांगत होता की काही दिवस तो तिथे एकटाच बसून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा. लोक हसले, मग हसेनासे झाले. आणि आता नऊ दिवस तो काही म्हणत नाही, नुसता बसतो. पाऊस असो, रात्र होवो, उठत नाही. रोज दोघे-तिघे जाऊन त्याला उचलून घरी आणतात, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथे. अंगात ताप, छातीत कफ, डॉक्टर म्हणतात न्यूमोनिया होईल. वहिनी रडते. का बसतोस विचारलं तर एकच सांगतो. शेवटच्या निरोपात दिनूने त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले होते.

“म्हणता, सदान गाऱ्हाणा अर्ध्यार सोडल्यान हा. ता पुरा होयसर मी उठूचंय नाय.”

सदा म्हणजे मी. आणि मी तिकडे गाऱ्हाणं घालतो हे मी दिनूला, बायकोला, नेस्तोरला, कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

तीन वाजायला वीस मिनिटं होती. मी बूट चढवले. नेस्तोर तिसऱ्या पुलापर्यंत आला. पुढे येणार नाही म्हणाला, पण इथून हलणारही नाही म्हणाला. वर जाताना जिन्याच्या प्रत्येक पायरीवर वाटत होतं की परत फिरावं. सज्ज्यावर पोचलो तेव्हा ऊन स्वच्छ होतं आणि समोर तो म्हातारा त्याच्या बटाट्यांत वाकलेला दिसत होता. मी काचेकडे पाठ केली. मागे कुणीतरी उभं आहे हे पाठीला कळत होतं. वळलो नाही. हात जोडले आणि जिथे सोडलं होतं तिथून धरलं.

“आनी गेलो तसो परत हाड रे म्हाराजा.”

काहीच आलं नाही. पाण्याचाही आवाज नव्हता. मी उभा राहिलो. माझं मीच व्हय म्हणावं असं एकदा जिभेवर आलं, पण नियम आठवला आणि दात आवळले. मग खूप लांबून, मागून नव्हे, समोरून, खाडीच्या तोंडाकडून आलं. दमलेलं, मध्येच खोकल्याने तुटलेलं, पुन्हा उचलून पुरं केलेलं.

“व्हय म्हाराजा.”

मी दिनूला फोन लावला. तो धापा टाकत होता. म्हणाला, “बाबल उठलो रे. आत्ताच उठलो. चलत घराक गेलो.”

मी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. कंपनीच्या साहेबांनी करार मोडल्याबद्दल फोनवर बरंच सुनावलं, ते मी शांतपणे ऐकलं. नेस्तोरने माझा उरलेला मसाला ठेवून घेतला. घरी आलो तेव्हा बाबल उठून बसण्याइतका झाला होता. मला बघून त्याने विचारलं, कधी इलंस, आणि मी म्हटलं, आताच. तेवढंच. त्या विषयावर तो बोलला नाही, मीही नाही. पावसाळा सरल्यावर आम्ही शेड घातली. आज ती चालते. होड्यांची इंजिनं मी बघतो, आणि गिऱ्हाइकाशी भांडणं तो बघतो.

वर्षभराने एका सकाळी आम्ही दोघेच शेडमध्ये होतो. एका इंजिनाचा पंप उघडून बसलो होतो. मीच बोललो. म्हटलं, बाबल, त्या दिवसांत तुझा आवाज होता म्हणून मी तिथे तगलो. पहिल्या दिवसापासून तू व्हय म्हणत होतास, हे मी कधी विसरणार नाही.

बाबलने हातातला पाना खाली ठेवला.

“पैले आठ दिस मी तुका व्हय म्हणूक नाय,” तो म्हणाला. “तुझा सगळा ऐकाक येय होता. पण राग होतो माका. तोंड मिटान बसलेलंय.”

मग मला जे ऐकू येत होतं ते काय, असं मी विचारलं.

“ता माका पण ऐकाक येय होता. मी गप बसलेलंय, आनी माझोच आवाज तुका व्हय म्हणता. नवव्या दिसाक माका भय वाटला. मगे मी म्हणूक लागलंय, त्येच्या आदी. तसो तो आणखी बेगीन म्हणूक लागलो.”

त्याने पाना पुन्हा उचलला, पण काम करेना. नुसता हातात फिरवत राहिला.

“तू अर्ध्यार पळालंस, तसो तो गप झालो. पण गेलो नाय. थंयच होतो, तुझ्या पाठसून. मी उठलो असतंय, तर तुझो शेवटचो व्हय त्येचो झालो असतो. मगे तू थंयच रवलो असतंस, सदा.”

त्या खाडीत आठ दिवस मी कुणाच्या उत्तरावर सुखाने झोपत होतो ते मला आजही माहीत नाही, आणि ते आठ दिवस त्या आवाजाला का मिळाले ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. बाबल तेवढ्यासाठी स्वतःला दोष देतो. मी सांगतो की शब्द मी मोडला होता, त्याने नव्हे.

अजूनही आमचं भांडण होतं. दोघांचं वय झालं, डोकी तापट. पण त्या दिवसापासून आम्ही अबोला धरलेला नाही. रागावला की बाबल मला वाडीभर ऐकू जातील अशा शिव्या देतो, आणि मी हातातलं काम टाकून त्याच्या प्रत्येक शिवीला ओ देतो.